तांब्यावरचं लाल पूट

कडुलिंबाला मोहोर आला की माझ्या डाव्या भुवईच्या वर खाज सुटते. तिथे मसुराच्या डाळीएवढा एक खड्डा आहे. पन्नासहून जास्त वर्षांचा जुना. त्याला आता खाजायचं काहीएक कारण नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, कातडीला पंचांग कळत नाही हे मला ठाऊक आहे. तरी चैत लागतो, बालाघाटच्या गल्ल्यांतून तो कडसर गोड वास फिरायला लागतो, शेजारपाजारची पोरं परीक्षेच्या धाकानं चिडीचूप होतात आणि माझं बोट आपोआप भुवईकडे जातं.

समोरच्या घरातली मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दाराला आतून कडी लावून बसते. आईनं ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं आणि निघून जायचं. आई माझ्याकडे येऊन तक्रार करते, ‘मॅडम, लडकी ने खुद को बंद कर लिया है।’ मी हसते. तिची कडी तिच्या हातात आहे. माझ्या खोलीला त्या वर्षी कडी नव्हतीच, ना आतून ना बाहेरून. खिडकीवर एक काळं घोंगडं चार खिळ्यांनी ठोकलेलं होतं, आणि ते मी एका हिसक्यात काढू शकले असते. अठरा दिवस काढलं नाही.

एकोणसत्तर साल. बी.एस्सी.ची लेखी परीक्षा कशीबशी आटोपली होती, प्रॅक्टिकल अठरा दिवसांवर होतं आणि मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी अंगावर पाण्याचे फोड. सायकलवरून डॉक्टर आले, दारातूनच बघून म्हणाले, ‘कांजण्या आहेत. देवी नाहीत, घाबरू नका. खपल्या पडेपर्यंत घराबाहेर नाही, उजेड डोळ्यांना त्रास देईल.’ मायनं पदर तोंडाला लावून सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि डॉक्टरांची सायकल वळल्याबरोबर म्हणाली, ‘पोरीले माता निघाली वं.’

आता आमच्या घरात माता निघायची, म्हणजे आजार देवीचा मानायची, सोय नव्हती. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यांनी सुपात घालून वैनगंगेत सोडले. मी तेव्हा आठ वर्षांची. ते सूप बाबांच्या हातात देताना मायनं क्षणभर सोडलंच नव्हतं, दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं सूप मला अजून दिसतं. मग तिनं सोडलं. त्यानंतर आमच्या वॉर्डातल्या विहारात पौर्णिमेची वंदना बाबा म्हणवून घेत, आणि कुणाच्या घरी चोरून कोंबडं कापलं, कुणी मातामाय देवीच्या ओट्यावर पाणी टाकलं, की त्याला समजावायला बाबाच जात. स्वतः ते उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत दिवाखोलीवर होते. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, काच पुसून ठेवायची. आठवडाभर तिथेच राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी यायचे.

त्या शनिवारी आले तर माझ्या अंथरुणात कडुलिंबाचा पाला.

‘हे काय होय?’ बाबांनी विचारलं.

‘खाज कमी होते त्यानं,’ माय म्हणाली.

बाबांनी एक डहाळी हातात घेतली, वास घेतला. ‘हौ. निंब जंतू मारते. औषधच होय.’

‘औषधच,’ माय म्हणाली.

दोघंही एकमेकांकडे न बघता बोलले. घरात फोडणी बंद होती, तीही म्हणे धुरानं मला ठसका लागतो म्हणून. आमच्या घरात अशी बरीच औषधं होती.

त्या काळोखात करायचं काय? वाचता येत नव्हतं. मग मी पाठ असलेलं आठवत पडायची. आमच्या पुस्तकात बारीक टायपात एक गोष्ट होती, परीक्षेला कधीच न येणारी. गेल्याच्या गेल्या शतकात समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकायचं काम चाललं होतं. तार धड आहे की तुटली हे तपासायला त्या लोकांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, कारण सेलेनियम विजेला चांगलाच अडवतो. पण मोजमाप जुळेना. आज एक आकडा, उद्या दुसरा. सगळे त्या सेलेनियमला बेभरवशाचा म्हणून मोकळे झाले. शेवटी लक्षात आलं की पेटीचं झाकण उघडं असलं की तो वीज जाऊ देतो, झाकण लावलं की अडून बसतो. उजेडाचा परिणाम होता तो. बिचारा खरंच सांगत होता, ऐकणाऱ्यांना भाषा कळत नव्हती. मला त्या सेलेनियमचा फार पुळका यायचा. माझंही तेच झालं होतं. माय पेज घेऊन आली की मी खेकसायची, पाणी दिलं तर कोमट आहे म्हणायची, कुशीवर वळवलं तर ओरडायची. झाकण लागलेलं होतं ना.

त्याच पानावर त्याच्याही आधीची एक गोष्ट. एका फ्रेंच मुलानं एकोणिसाव्या वर्षी, बापाच्या प्रयोगशाळेत, द्रावणात बुडवलेल्या पत्र्यांवर ऊन पाडलं आणि त्यातून वीज निघालेली पाहिली. माझा सगळा खेळ त्या पोरावरून सुरू झाला होता. आमच्या फिजिक्सच्या सरांचा रिवाज होता की शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकानं प्रॅक्टिकलला स्वतःच्या हातानं केलेलं एक उपकरण मांडायचं. मुलं विजेची घंटी करत, चष्म्याच्या भिंगांची दुर्बीण करत. मी ठरवलं, उजेडावर चालणारा सेल करायचा. तांब्याचे दोन पत्रे घ्यायचे. एक तसाच राहू द्यायचा. दुसरा लालभडक होईपर्यंत तापवायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा आणि हळूहळू निवू द्यायचा. वरचे काळे पापुद्रे निवताना आपोआप सुटतात आणि खाली विटकरी रंगाचं पातळ पूट उरतं. ते पूट म्हणजे अर्धवाहक. धड धातू नाही, धड दगड नाही. दोन्ही पत्रे मिठाच्या पाण्यात उभे करायचे, एकमेकांना टेकू न देता, आणि ऊन दाखवायचं. सरांना कल्पना इतकी आवडली की एका मोठ्या विद्यापीठातल्या त्यांच्या ओळखीच्या प्राध्यापकांना त्यांनी माझ्याबद्दल पत्र लिहिलं. तिथे अर्धवाहकांवर काम चालायचं. पहिला वर्ग आला तर एम.एस्सी.ला जागा होती. लेखीचे पेपर बरे गेले होते. पहिला वर्ग आता प्रॅक्टिकलवर टांगलेला होता.

घासलेटच्या स्टोव्हवर पत्रा तापेना. माझे दोन पत्रे वाया गेले आणि तेवढ्यात मी आडवी झाले. तेव्हा बाबा म्हणाले, ‘सांग मले कसं करा लागते. आमच्या लोहाराच्या भात्यावर करून आणतो.’ मी काळोखात पडल्या पडल्या सांगत गेले आणि सातवी शिकलेल्या माझ्या बापानं ते खाणीच्या जुन्या रजिस्टरच्या पानावर उतरवून घेतलं. पुढच्या शनिवारी ते उकव्याच्या बसमधून पत्रा मांडीवर घेऊन आले, कापसात आणि दुपट्यात गुंडाळलेला. ‘पुसू नको म्हणालतीस म्हणून हात बांधून बसलो,’ म्हणाले. ‘आठ दिवस त्याच्याकडं पाहून राह्यलो, आन् बोटं शिवशिवत होती.’ दिवाखोलीतला माणूस, काच दिसली की पुसणार. त्यांनी पुसला नाही.

रविवारी दुपारी सर आले. त्यांना कांजण्या झालेल्या नव्हत्या, म्हणून अंगणातूनच बोलले आणि कॉलेजचा गॅल्व्हानोमीटर ओट्यावर ठेवून गेले. बाबांनी तो माझ्या खाटेजवळ आणला. काचेच्या बरणीत मिठाचं पाणी, त्यात दोन पत्रे, दोन तारा. काटा थोडा कललेला होता. तेवढा तर काळोखातही कलतो. मी मायला म्हटलं, घोंगड्याचा कोपरा उचल. तिनं उचलला. उन्हाची एक पट्टी बरणीवर पडली आणि काटा सरकन बाजूला गेला.

‘हालला!’ बाबा ओरडले. ‘सोड. आता धर. हालला!’

दहा वेळा केलं असेल. माझे डोळे चुरचुरत होते, फोड तडतडत होते, आणि त्या सबंध पंधरवड्यात तेवढाच वेळ मी त्या खोलीत नव्हते.

मायनं हळूच विचारलं, ‘कोणं हालवलं ते?’

‘उजेडानं.’

‘आत बॅटरीचा सेल हाय?’

‘नाही.’

‘मंग कोणीच नाही?’

‘कोणीच नाही, माय. उजेड पत्र्यावर आला की होते ते.’

तिनं डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं, ऊन लागतंय.

बाबा परत खाणीवर गेले आणि माझे उरलेले दिवस सुरू झाले. अंगावर खपल्या धरल्या होत्या. खाजवायचं नाही म्हणून मायनं माझ्या हातांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. मी बरणीकडे तोंड करून पडायची. पुस्तकातलं म्हणायचं तर त्या लाल पुटात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला बांधलेला असतो. उजेड येतो तो पुड्यापुड्यांनी येतो. पुडी कमजोर असली तर अशा लाख पुड्या आल्या तरी इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. आणि पुरेशा ताकदीची एकच आली तरी तो सुटतो. हे मला त्या काळोखात जेवढं कळलं तेवढं पुढे तीस वर्षं शिकवूनही कळलं नाही. शेजारणी दाराबाहेरून म्हणायच्या, होईल बरं, एक साल गेलं तर गेलं. सगळ्या मायेनंच म्हणायच्या. लाख पुड्या. सुटलेल्या इलेक्ट्रॉनचंही सगळं चांगलंच होतं असं नाही. जरा भेसळ असली, जरा कुठे खोट असली, की वाटेत तो अडकतो. अशा जागांना विज्ञानात सापळेच म्हणतात. सुटून निघालेला तिथे कितीतरी वेळ पडून राहतो, ना घरचा ना बाहेरचा.

प्रॅक्टिकल गुरुवारी होतं. बुधवारी दुपारपर्यंत शेवटच्या खपल्या पडल्या. मायनं कडुलिंबाच्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं आणि काहीतरी आणायला म्हणून बाहेर जाऊन आली. तीनच्या सुमाराला मी खिडकीचं घोंगडं काढलं. सगळं पांढरं दिसायला लागलं, खाटेचा पाया धरून उभी राहिले. मग सामान बांधायला पेटी उघडली; बरणीतले पत्रे मी रविवारीच तिच्यात ठेवायला लावले होते. आत दोन पत्रे होते. दोन्ही सारखे. दोन्ही लखलखीत.

आधी मला वाटलं, उजेडाची सवय गेल्यानं दिसतंय तसं. मग नाकाशी धरला. चिंचेचा वास आला.

‘माय!’

ती दारात आली. माझ्या हातातला पत्रा बघून हसली. ‘चांगला निघाला ना? लय मळला होता. राख घेतली, चिंच घेतली, तवा कोठं निघाला.’

‘काहून घासलास?’ मी विचारलं.

‘मातामायले नेला होता,’ ती खालच्या आवाजात म्हणाली. ‘हळदकुंकू ठेवून. तिच्यापुढं मळका कसा नेऊ, बाई? त्या पत्र्यात काही तरी हाय, मीनं पाह्यलं ना. कोणी हात नाही लावला आन् काटा हालला. तुहे डोळे वाचवले तिनं. मले दुसरं काही सुचलं नाही.’

‘माय, तो मळ नव्हता. उजेड त्याच मळावर चालत होता. आता तो नुसता तांब्याचा तुकडा हाय. उद्या माही परीक्षा हाय.’

ती मटकन उंबऱ्यावर बसली. किती कळलं कोण जाणे, पण काहीतरी मोठं मोडलं हे तिला कळलं. मग माझा पाय धरून म्हणाली, ‘बाबाले सांगू नको. दुनियेले समजावते तो. तोंड कसं दाखवल?’

मला तिचा इतका राग आला होता की पाय झाडावासा वाटला. आणि तिचे हात चिंचेनं पांढरे पडून सुरकुतलेले होते.

मला परीक्षेला घेऊन जायला बाबा रजा काढून आले, दिवेलागणीला. आल्या आल्या म्हणाले, ‘झाली तयारी?’ मी पत्रा त्यांच्यापुढे धरला. घरात चूल पेटलेली होती, माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

‘म्या घासला,’ मी म्हटलं.

‘तू?’

‘हौ. मळका दिसत होता. चमकवावा वाटला.’

बाबांनी पत्रा घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. रागावले नाहीत, काहून म्हणून विचारलं नाही. म्हणाले, ‘जेवून घे. उद्या सकाळी निघा लागते.’ भाकरीचा आवाज परत सुरू झाला.

प्रॅक्टिकलचे बाकीचे प्रयोग मी केले. चेहरा खपल्यांच्या डागांनी भरलेला, बाकीची मुलं दोन हात लांब. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, भले होते. माझी बरणी बघून म्हणाले, ‘हाँ बेटी, दिखाओ।’ मी खिडकीपाशी नेली. काटा जागचा हलला नाही. मग मी सांगितलं, घासून टाकला. कशानं? चिंचेनं. ते इतके मोकळेपणानं हसले की मलाही हसू आलं. ‘सेमीकंडक्टर को इमली से माँज दिया! घर का बर्तन समझा क्या?’ सर भिंतीकडे बघत उभे होते. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. विद्यापीठातून उत्तर आलं, अगदी सभ्य, दोन ओळींचं.

मग मी बी.एड. केलं आणि नोकरीला लागले. काही वर्षं बिरशाच्या शाळेत, बाकी सगळी इथेच. अर्धवाहकांचं माझ्यावाचून काही अडलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ट्रान्झिस्टर हातात घेऊन लोक शेतावर जायला लागले, मग भिंतीवरची घड्याळं, छपरावरचे निळे पत्रे, खिशातले कॅमेरे, काय काय आलं. नव्या नव्या पदार्थांचे उजेडाचे सेल करायची खटपट अजून चालू आहे, आणि त्यांचीही कुरकुर तीच, इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकतात. वाचनालयात येणाऱ्या मासिकांतून मी हे सगळं वाचत आले. सोयरीक जुळता जुळता मोडली त्या घरच्या बातम्या कानावर घ्याव्यात, तशी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबांचा दमा वाढला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. चैतच होता. माय डबा आणायला घरी गेली होती. मी त्यांना वारा घालत बसले होते. काही विषय नसताना ते म्हणाले, ‘तो पत्रा तुवा नव्हता घासला.’

माझा हात थांबला.

‘मी त्या दिशी दुपारच्याच बसनं आलतो,’ ते दम घेत घेत म्हणाले. ‘रस्त्यावरून पाह्यलं. मातामायच्या ओट्यावर काही तरी लकाकलं उन्हात. तुही माय होती. मंग मी विहारात जाऊन बसलो. सांजलोक बसलो. ती घरी जावो, हात धुवो, म्हणून.’

‘तुमाले माहीत होतं? तवापासून?’

‘हौ.’

‘मंग बोलले काहून नाही?’

‘इचारलं असतं तर तिले हौ म्हणा लागलं असतं. मंग तिनं जाणं सोडलं असतं. माह्यासाठी एकदा सूप सोडलं तिनं. दुसऱ्यांदा कसं सोडाले लावू? दरसाल जाते ती चैतात. मी झोपेचं सोंग घेतो.’

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आजारी बापाचा आला. तिघांच्या त्या घरात तिघांना सगळं ठाऊक होतं. मायनं बाबांपासून लपवलं, बाबांनी मायला लपवू दिलं, आणि दोघांच्या मधे जी भिंत लागत होती ती मी होते. दहा वर्षं त्यांनी मला धांदरट पोरगी म्हणून वागवलं होतं, आल्यागेल्याला हसत हसत सांगितलं होतं, पत्रा घासला हिनं चिंचेनं.

‘आन् माहं काय, बाबा?’ मी विचारलं. ‘माहं एम.एस्सी.?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लपवल्यासारखं काही नव्हतं त्यांच्या नजरेत.

‘तुही मले फिकीर नव्हती,’ ते म्हणाले. ‘ती कच्ची होती. तू पक्की. वाटलं, तुले झेपते.’

हेच वाक्य मला पुढे सगळ्यांनी ऐकवलं, हेडमास्तरांनी, पालकांनी, सासरच्यांनी, कौतुक म्हणून. प्रत्येक वेळी मी हसून घेतलं. त्या दुपारी मात्र मला हसता आलं नाही.

‘नाही झेपलं, बाबा,’ मी म्हटलं.

बाहेर मायच्या चपलांचा आवाज आला, डब्याची कडी वाजली. त्यांनी माझं मनगट धरलं.

‘हौ,’ ते म्हणाले. आणि ती आत आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.